विजेला वाट

रोहिण्या लागायच्या आधीचे आठ-दहा दिवस उदगीरचे आभाळ कुणाचेच ऐकत नाही. सकाळी ते निरभ्र असते, दुपारी तापून पांढरे पडते आणि चारच्या सुमाराला आग्नेयेला, बीदरच्या अंगाने, पहिला ढग डोके वर काढतो. तासाभरात त्याच्यावर दुसरा चढतो, दुसऱ्यावर तिसरा. कलते ऊन त्या चढावर पडते आणि शेतातली माणसे हातातले काम थांबवून तिकडे बघत राहतात. आमचे गाव बालाघाटच्या पठारावर, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरहून जास्त उंचीवर. त्यामुळे क्षितिज मोठे मिळालेले. देवर्जनजवळच्या हत्तीबेटावर उभे राहिले तर साठ-पासष्ट किलोमीटरवरचा ढग नीट दिसतो. वळवाचा थोराड ढग पंधरा-सोळा किलोमीटर उंच जातो, म्हणजे हिमालयातल्या सर्वांत उंच शिखराच्या दीडपटीहून जास्त. एवढा पर्वत दुपारी जन्माला येतो आणि मध्यरात्रीपर्यंत विरूनही जातो. तो पाहताना हात आपोआप जोडले जातात.

अंधार पडला की त्याच्या पोटात उजेड हलू लागतो. आवाज मात्र येत नाही, कारण वीस-पंचवीस किलोमीटरच्या पलीकडची गर्जना सहसा कानापर्यंत पोचतच नाही. नुसता उजेड. कधी सगळा ढग आतून पेटतो, कधी त्याची एक कड. आत काय चालले आहे हे आता बऱ्यापैकी समजले आहे. जिथे तापमान शून्याखाली दहा ते वीस अंश असते, तिथे मऊ, भुसभुशीत गारा खाली येत असतात आणि बारीक हिमकण वाऱ्यासोबत वर जात असतात. जाता-येता ते एकमेकांना धडकतात, घासतात. त्या घासण्यात गारेवर ऋण भार राहतो आणि हिमकणावर धन. जड ते खाली, हलके ते वर. असे अब्जावधी स्पर्श होतात आणि ढगाचे वरचे अंग व मधले अंग एकमेकांपासून कोट्यवधी व्होल्टनी दुरावतात. पुढे जो कल्लोळ होतो त्याचे मूळ इतक्या हलक्या स्पर्शांत आहे.

लहानपणी वीज कडाडली की आजी अर्जुनाची दहा नावे घ्यायची. आम्हीही तिच्यामागे म्हणायचो, आणि दहावे नाव संपेपर्यंत गडगडाट पुढे सरकलेला असायचा. शिवाय घरातला एखादा पोर पायाळू असेल तर त्याला आधी आत घेतले जाई. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्याच्याकडे वीज ओढली जाते, अशी आमच्याकडची समजूत. माणसांच्या बाबतीत तिला काही आधार नाही. परंतु वीज आपल्याकडे ओढून घेणारे काहीतरी आभाळात खरोखरच फिरत असते, हे मला फार उशिरा वाचायला मिळाले.

नकाशावर हैदराबादपासून छत्रपती संभाजीनगरपर्यंत सरळ रेघ ओढली तर ती उदगीरच्या माथ्यावरून जाते. रात्री गच्चीवर पडले की डाव्या पंखाचा तांबडा दिवा, उजव्याचा हिरवा आणि लुकलुकणारा पांढरा, असे एखादे विमान संथपणे जाताना दिसते. बीदरच्या बाजूला ढग पेटलेला असेल तर ते विमान वळसा घेते, आणि तो वळसा खालूनही कळतो. त्या विमानात शे-दीडशे माणसे असतात, त्यांतली काही झोपलेली. विजेला आणि त्यांना वेगळे ठेवणारा पत्रा कित्येक ठिकाणी दोन-तीन मिलिमीटरहून जाड नसतो. तरीही ती सुखरूप उतरतात. प्रवासी विमानावर सरासरी वर्षातून एकदा तरी वीज आदळते असा अंदाज आहे, आणि बहुतेक प्रवाशांना पांढऱ्या लखलखाटापलीकडे आणि एका धडाक्यापलीकडे काही जाणवत नाही. हे कसे घडते ते समजून घेताना मला विजेविषयी वाटणारा आदर वाढत गेला, आणि विमान बांधणाऱ्यांविषयीचाही.

विमानावर पडणाऱ्या विजांपैकी सुमारे नव्वद टक्के विजा विमान स्वतःच उठवते. भारलेल्या ढगात किंवा ढगाजवळ ते शिरले की नाक, पंखांची टोके, शेपूट अशा निमुळत्या जागी विद्युतक्षेत्र दाट होते. मग त्या टोकांवरची हवाच फुटते. एका टोकातून प्रकाशाची बारीक फांदी ढगातल्या भाराकडे निघते आणि काही हजारांश सेकंदांत दुसऱ्या टोकातून उलट दिशेला दुसरी. दोन्ही फांद्या आपापले ठिकाण गाठतात आणि किलोमीटरच्या किलोमीटर लांब वाट तयार होते, जिच्या मधोमध विमान असते. ढग कदाचित आणखी बराच वेळ गप्प राहिला असता. त्याला बोलते केले ते या पाहुण्याने. गोठणबिंदूच्या आसपासच्या उंचीवर, पाऊस आणि बर्फ यांच्या सीमेवर हे सर्वाधिक घडते. म्हणजे विमान चढत किंवा उतरत असताना.

वीज विमानाला धरते, पण विमान थांबलेले नसते. हवेतली तप्त वाट जवळजवळ जागच्या जागी राहते आणि विमान तिच्याखालून पुढे सरकते. शिलाई यंत्राची सुई जागेवरच वरखाली होते, कापड पुढे जाते आणि त्यावर टाक्यांची ओळ उमटते. अगदी तसेच नाकाजवळून सुरू झालेले भाजल्याचे ठिपके विमानाच्या अंगावर एकापाठोपाठ एक मागे मागे उमटत जातात. कुठे रिव्हेटचे डोके वितळते, कुठे रंग उडतो, कुठे शेपटीच्या कडेचा तुकडा जळतो. उतरल्यावर तंत्रज्ञ टॉर्च घेऊन हे ठिपके शोधतात. वीज शिरली कुठून आणि निघाली कुठून, ही दोन ठिकाणे सापडल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय विमान पुन्हा उडवत नाहीत.

आतल्या माणसांना काही होत नाही याचे कारण मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये दाखवून ठेवले आहे. धातूचा पत्रा मढवलेल्या खोलीत ते स्वतः उपकरणे घेऊन बसले, बाहेरून ठिणग्या सोडायला लावल्या, आणि आत विजेचा मागमूस लागला नाही. धातूच्या बंद कवचावर आलेला भार कवचाच्या बाहेरच्या अंगावरच राहतो. ॲल्युमिनिअमचे विमान असेच कवच आहे. जोपर्यंत पत्रा सलग आहे, प्रत्येक झडप, प्रत्येक बिजागरी धातूच्या पट्टीने अंगाशी नीट जोडलेली आहे, तोपर्यंत विजेला एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायला मोकळा रस्ता असतो. अडवले तर ती फोडून जाते. वाट दिली तर निघून जाते. विमानाच्या रक्षणाचे सगळे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. विजेशी झुंजायची भाषा त्यात नाही. ती येणार हे मान्य करायचे आणि तिच्या वाटेत आपले कोवळे काही ठेवायचे नाही.

कोवळे मात्र विमानात आता पुष्कळ आहे. जुन्या विमानात वैमानिकाने दांडी ओढली की पोलादी दोर ओढला जाई आणि शेपटीची पट्टी हले. विजेने बिघडावे असे त्यात फारसे काही नव्हते. १९८८ मध्ये एअरबस ए-३२० प्रवासी सेवेत आले आणि दोराची जागा तारेतून जाणाऱ्या इशाऱ्याने घेतली. वैमानिकाचा हात काय म्हणतो ते संगणक ऐकतात, तोलतात आणि मग पंखांना सांगतात. आज आपल्या आभाळात दिसणारी बहुतेक विमाने याच पद्धतीची. त्यांच्या पोटात किलोमीटरच्या किलोमीटर तारा, ११५ व्होल्टचा प्रत्यावर्ती प्रवाह, २८ व्होल्टचा एकदिश, आणि संगणकांच्या आत तीन-पाच व्होल्टवर चालणारे सूक्ष्म मंडल. त्या मंडलापासून हातभर अंतरावर, पत्र्याच्या बाहेरून, तीस हजार अँपिअर सहज जातात. अभियंते दोन लाखांचा हिशोब धरून परीक्षा घेतात.

आणि वीज आत आली नाही तरी तिचा परिणाम आत येतो. प्रवाह काही दशलक्षांश सेकंदांत शून्यावरून शिखरावर चढतो, त्याबरोबर त्याच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्रही उसळते. खिडक्यांतून, झडपांच्या फटींतून, जिथे धातू नाही अशा भागांतून ते आत झिरपते आणि वाटेत आलेल्या प्रत्येक लांब तारेत क्षणभराचा विद्युतदाब उठवते. तारेला कुणी स्पर्श केलेला नसतो, तरी तिच्यात शेकडो व्होल्ट उभे राहू शकतात. पडद्यावरचे आकडे थरथरतात, एखादा संगणक स्वतःलाच पुन्हा सुरू करतो, होकायंत्राची सुई चुकीकडे झुकते. कारण विजेच्या वाटेवरचे पोलाद चुंबक होऊन बसलेले असते. तंत्रज्ञ याला अप्रत्यक्ष परिणाम म्हणतात. भाजल्याचा ठिपका डोळ्याला दिसतो, हा परिणाम दिसत नाही. म्हणून मला तोच अधिक गूढ वाटतो.

त्यासाठी केलेली व्यवस्थाही डोळ्याआडचीच. नाजूक इशारा नेणाऱ्या दोन तारा एकमेकींभोवती पिळलेल्या असतात, म्हणजे एकीत उठलेला दाब दुसरीतल्या दाबाने पुष्कळसा खोडला जातो. त्यांच्यावर धातूच्या विणीचे आवरण असते आणि ते दोन्ही टोकांना विमानाच्या अंगाशी जोडलेले. तारांच्या जुड्या शक्यतो धातूला चिकटून नेतात. यंत्राच्या तोंडाशी असे रक्षक घटक बसवतात, जे एरवी निष्क्रिय असतात आणि दाब मर्यादेबाहेर गेला की तेवढ्यापुरते वाट उघडून तो बाजूला सोडून देतात. पुन्हा तीच रीत, वाट देण्याची. एकाच कामाला तीन-चार संगणक आणि त्यांच्या तारा वेगवेगळ्या बाजूंनी, म्हणजे एकाच घावात सगळे सापडू नयेत. या बारकाव्यांकडे कुणी लक्ष देत नाही. पण रात्री डोक्यावरून जाणाऱ्या त्या दिव्याकडे पाहताना मला त्याच पिळलेल्या तारा आठवतात.

हे शहाणपण फुकट आलेले नाही. ८ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत मेरीलँडमधल्या एल्कटन गावाजवळ पॅन अमेरिकन कंपनीचे बोइंग ७०७ विजेने कोसळले. पंखातल्या टाकीतली इंधनाची वाफ पेटली होती. विमानातले सगळे, ८१ जण, गेले. त्यानंतर इंधनाच्या टाकीवरचा पत्रा किती जाड असावा, तिचे झाकण कसे असावे, जोडांमध्ये ठिणगी उडू नये म्हणून काय करावे, या साऱ्याकडे नव्या नजरेने पाहिले गेले. १९८० ते १९८६ या काळात नासाने एफ-१०६ जातीचे एक लढाऊ विमान मुद्दाम वादळांत घातले. सुमारे दीड हजार वेळा ते ढगांत शिरले आणि ७१४ वेळा विजेने त्याला गाठले. एका उड्डाणात तर पाऊण तासात ७२ वेळा. आत मापक यंत्रे होती, वैमानिक होते. ज्या वैमानिकांनी ही उड्डाणे केली, त्यांच्या धैर्याची दखल विमानात बसणाऱ्या आपणा सगळ्यांनी घ्यायला हवी.

पण विजेने विमानाच्या, खरे तर यानाच्या, विद्युतयंत्रणेशी केलेला सर्वांत विलक्षण संवाद १४ नोव्हेंबर १९६९ चा. त्या दिवशी फ्लोरिडात पाऊस होता, ढग दाटलेले होते, पण आसपास कुठे वीज चमकत नव्हती. अपोलो-१२ चंद्राकडे निघाले आणि ३६ सेकंद होतात तोच सॅटर्न रॉकेटने वीज उठवली. रॉकेट आणि त्याच्यामागचा ज्वाळेचा लांब झोत मिळून ढगापासून जमिनीपर्यंत वाट झाली होती. ५२ व्या सेकंदाला दुसरी वीज. यानाला वीज पुरवणारे तिन्ही इंधनघट सुटे झाले, धोक्याचे दिवे ओळीने लागले, दिशा सांगणारे यंत्र भरकटले, जमिनीवर येणाऱ्या आकड्यांचा अर्थ लागेना. ह्यूस्टनच्या नियंत्रण कक्षात जॉन आरोन नावाचा २६ वर्षांचा अभियंता बसला होता. साधारण वर्षभरापूर्वी एका चाचणीत त्याने आकड्यांची अशीच विचित्र मांडणी पाहिली होती, आणि ती का झाली याचा पिच्छा पुरवला होता. त्याने एक बटण दुसऱ्या स्थितीत टाकायला सांगितले. ते बटण कुठले, हे वरिष्ठांनाही चटकन आठवले नाही. यानात ॲलन बीन यांना आठवले. त्यांनी ते टाकले, आकडे परत आले, इंधनघट पुन्हा जोडले गेले. रॉकेट मात्र सगळा वेळ सरळ वर जात राहिले होते, कारण त्याला मार्ग दाखवणारा संगणक वेगळा होता, वर रॉकेटच्या अंगातच बसवलेला, आणि त्याला धक्का लागला नव्हता. पाच दिवसांनी माणसे चंद्रावर उतरली.

मला यात आरोनचा पिच्छा पुरवणे फार मोलाचे वाटते. कोणी सांगितले नव्हते, काही बिघडले नव्हते. न कळलेल्या आकड्यांवरून पुढे न जाण्याची ती वृत्ती होती.

नव्या विमानांनी पुन्हा नवा प्रश्न आणला. बोइंग ७८७ चे निम्मे वजन कार्बनच्या धाग्यांपासून केलेल्या हलक्या पदार्थाचे आहे. तो पदार्थ मजबूत आहे, गंजत नाही, पण विजेला ॲल्युमिनिअमसारखी मोकळी वाट देत नाही. अडलेली वीज त्याचे थर उकलते. म्हणून वरच्या रंगाखाली तांब्याची अगदी झिरझिरीत जाळी पसरतात आणि वीज त्या जाळीवरून निघून जाते. नाकाचे टोक तर धातूचे करताच येत नाही. आत हवामानाचे रडार असते, त्याच्या लहरींना बाहेर पडायला वाट हवी. त्यामुळे विमानाचा सर्वांत पुढचा भागच सर्वांत उघडा. त्यावर धातूच्या बारीक पट्ट्या लावतात. नाकावर आलेली वीज त्या मागच्या पत्र्यापर्यंत पोचवतात.

ते रडार पाण्याचे थेंब आणि गारा पाहते. वीज पाहू शकत नाही. म्हणून वैमानिकांना शिकवतात की उग्र ढगापासून किमान वीस मैल लांब राहा. बीदरला हवाई दलाचे जुने प्रशिक्षण केंद्र आहे. आता तिथे हॉक विमानांवर लढाऊ वैमानिक घडतात, आणि हवाई कसरती करणाऱ्या सूर्यकिरण पथकाचे घरही तेच. कोरड्या हंगामात त्यांच्या आवाजाने आमच्याकडची पोरे माना वर करतात. वळवाच्या दिवसांत दुपारनंतर ते आभाळ रिकामे होते. ढगाला त्याची जागा सोडलेली असते.

मराठवाड्याने विमानाला ढगाकडे धाडल्याचे दिवसही पाहिले आहेत. २०१५ च्या दुष्काळात तेव्हाच्या औरंगाबादहून कृत्रिम पावसासाठी विमाने उडाली. २०१८ आणि २०१९ मध्ये पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने सोलापूरला तळ करून पर्जन्यछायेतल्या ढगांचा अभ्यास केला, तोही विमान ढगांत नेऊन. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, ते आम्ही विसरलो नाही. ज्या ढगाला विमान वळसा घालते त्याच्याच वाटेकडे खाली आम्ही डोळे लावून बसलेलो असतो. पाऊस आणि वीज एकाच ढगातून येतात. एक हवा, एक नको, असे ढगाला सांगता येत नाही.

याच संस्थेने देशभर ८३ संवेदक बसवून विजांची नोंद ठेवणारे जाळे उभे केले आहे. वीज चमकली की तिच्या रेडिओलहरी अनेक संवेदकांना किंचित वेगवेगळ्या क्षणी मिळतात आणि त्यावरून ती कुठे झाली हे कळते. ‘दामिनी’ हे मोबाइल ॲप त्यावरच चालते. जवळपास विजा होऊ लागल्या की इशारा देते. ते फोनात असावे, आणि इशारा आला की ऐकावा, ही माझी शेतातल्या प्रत्येकाला हात जोडून विनंती आहे. कारण वर तीस हजार अँपिअरला वाट करून देणारा पत्रा आहे, दुहेरी पिळलेल्या तारा आहेत, तांब्याची जाळी आहे. आणि खाली सपाट काळ्या रानात सर्वांत उंच वस्तू म्हणजे उभा माणूस, किंवा ज्याच्या आडोशाला तो धावतो ते एकटे झाड. मे महिन्यात आणि पुन्हा परतीच्या पावसात, सोयाबीनची बनीम, म्हणजे गंजी, झाकायच्या गडबडीत, आमच्याकडे माणसे जातात. बातमी चार ओळींची येते.

फॅरडेंचे कवच आमच्या रस्त्यावरूनही धावते. एसटी, टपावर पत्रा असलेली जीप, बंद टेम्पो; काचा लावून, पत्र्याला हात न टेकता आत बसले तर वीज बाहेरच्या बाहेर जमिनीत जाते. नुसत्या ट्रॅक्टरवर ती सोय नाही. वाहन किंवा पक्के घर जवळ नसेल तर झाडापासून, तारेच्या कुंपणापासून दूर जाऊन, दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. आडवे पडू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तरी कामाला परत जाऊ नये.

आणि जनावरे. देवणी आमच्या भागातली गाय, पांढऱ्यावर काळे ठिपके, शांत डोळ्यांची, जिच्यावरून शेजारच्या तालुक्याच्या गावाचे नाव देशात माहीत झाले. उन्हाळ्यात तिला लिंबाखाली किंवा चिंचेखाली बांधायची रीत आहे. झाडावर वीज पडली की ती मुळांतून जमिनीत पसरते, आणि जनावराचे पुढचे पाय व मागचे पाय यांत अंतर मोठे असल्याने एका पायातून चढून, काळजातून जाऊन, दुसऱ्या पायातून उतरते. गायीच्या अंगावर काही पडलेलेही नसते. तेव्हा आग्नेयेला ढगाने डोके काढले की आधी झाडाखालचे दावे सोडावे आणि गुरे गोठ्यात न्यावीत. गोठा लांब असेल तर झाडांपासून दूर, सखल रानात मोकळी सोडावीत. बनीम त्यानंतर झाकावी.